सल्ला हवा: जुन्या काळातली, रक्तपात नसलेली रहस्यमालिका आणि प्रेम अगदी हलक्या हाताने लिहिलेलं

पानोपानी

नमस्कार मंडळी,

हरिणी नागेंद्र यांची 'द बंगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब' ही मालिका सध्या वाचतेय. इतकी रमले आहे की हातातली पुस्तकं संपायच्या आतच पुढची बेगमी करून ठेवावी म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडंसं. साल १९२१, शहर बंगलोर. कावेरी एकोणीस वर्षांची, नुकतीच सासरी आलेली, गणिताची विलक्षण आवड असलेली. नवरा रामू मूर्ती डॉक्टर. सेंचुरी क्लबमधल्या मेजवानीच्या रात्री खून होतो, संशयाची सुई स्वतःची बाजू मांडायचीही ताकद नसलेल्या माणसांकडे वळते आणि कावेरी तपासाला लागते. कोडं चांगलं आहेच, पण मला धरून ठेवलं ते या नवरा-बायकोने. लग्न झालंय, ओळख अजून व्हायचीय, आणि ती तपास करता करता होते. एकमेकांवर विश्वास टाकायला दोघं हळूहळू शिकतात. कुठे लांबलचक प्रेमसंवाद नाहीत, तरी पान उलटताना जाणवतं की मागच्या प्रकरणापेक्षा ही दोघं आता जरा जवळ आलीत.

दुसऱ्या पुस्तकात, 'मर्डर अंडर अ रेड मून'मध्ये, तर खुद्द सासूबाईच तिला एका किरकोळ गुन्ह्याच्या मागे लावतात. सुनेच्या शिक्षणावर नाक मुरडणाऱ्या बाईंना सुनेच्याच डोक्याची गरज पडते, हे मला फार आवडलं.

तर मला हवंय ते असं: खून चालेल, पण पानावर रक्त सांडायला नको. प्रेम असावं, पण तपास बाजूला सारून त्याने जागा बळकावू नये. आणि काळ खरा वाटायला हवा. नुसत्या टोप्या, बग्ग्या आणि कंदील आणून ठेवले म्हणजे जुना काळ उभा राहत नाही. त्या काळातल्या माणसांना काय करता येत होतं आणि काय नाही, ते कथेत उतरलेलं हवं. एकेकटी पुस्तकं नकोत, मालिकाच सांगा. त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्यात मजा आहे. मराठी, इंग्रजी, अनुवादित, काहीही चालेल.

रानजाई

सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री मालिका. दुसरं नाव सुचवायच्या आधी हेच सुचवेन.

मितभाषी

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. मलाही अशीच मालिका हवी आहे.

शोधयात्री

रानजाई यांना अनुमोदन, आणि थोडं विस्ताराने लिहितो, कारण तुम्ही 'काय करता येत होतं आणि काय नाही' असं जे म्हटलंय, त्यावर या मालिकेइतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

काळ तोच, १९२१. शहर मुंबई. परवीन ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली पारशी तरुणी, वडिलांच्या पेढीत सॉलिसिटर म्हणून काम करते. न्यायालयात उभं राहून युक्तिवाद करण्याची मुभा बायकांना अजून नाही, म्हणून तिच्या वाट्याला मृत्युपत्रं, करारनामे, मालमत्तेची कागदपत्रं येतात. पण जे पुरुष वकिलांना जमणार नाही ते तिला जमतं: पडद्यातल्या बायकांशी समोरासमोर बसून बोलणं. पहिल्या पुस्तकात मलबार हिलवरच्या एका बंगल्यात तीन विधवा राहतात. आपल्या हक्काची मालमत्ता त्या दान करून टाकायला निघाल्यात, आणि त्यांनी तसं का ठरवलं हे विचारायला त्यांच्यापर्यंत पोहोचू शकणारी एकटी परवीन. म्हणजे काळाने तिच्यावर जे बंधन घातलंय त्यातूनच तिची तपासाची वाट निघते. रचना म्हणून मला हे फार सुंदर वाटतं.

यामागे खरी माणसं आहेत. कॉर्नेलिया सोराबजींचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी पहिली स्त्री. पुढे त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी (अज्ञान वारस आणि स्त्रियांच्या मालमत्ता सांभाळणारं सरकारी खातं) पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची कामं वर्षानुवर्षं केली. भारतात स्त्रियांना वकिलीचा अधिकार देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. मिठन टाटा (नंतरच्या मिठन लाम) मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर. या दोघींच्या आयुष्यावरून परवीन सुचली, असं लेखिकेने स्वतः सांगितलंय.

आता प्रेमाचं. दुसऱ्या पुस्तकात, 'द सातापूर मूनस्टोन'मध्ये, सह्याद्रीतल्या एका (काल्पनिक) संस्थानात ती जाते. बालराजाचं शिक्षण कुठे व्हावं यावरून राजवाड्यातल्या दोन राण्यांमध्ये जुंपलेली असते. तिथे कॉलिन सँडरिंगहॅम हा इंग्रज अधिकारी भेटतो. पाऊस, डोंगर, सर्किट हाउस आणि दोन हुशार, जपून बोलणारी माणसं. इथून जे सुरू होतं ते इतक्या हळू पुढे सरकतं की एखादं वाक्य पुन्हा मागे जाऊन वाचावंसं वाटतं.

पानोपानी

शोधयात्री, मनापासून आभार! कॉर्नेलिया सोराबजींचं नाव ऐकून होते, पण त्यांच्यावरून कुणी रहस्यकथा रचली असेल असं वाटलं नव्हतं.

एक विचारायचंय. पहिल्या पुस्तकात परवीनच्या लग्नाची गोष्ट बरीच जड आहे असं कुठेसं वाचलं. मला सध्या मन उदास करणारं वाचन नकोय. तरी चालेल का?

रानजाई

हो, ते सांगायला हवंच. पहिलं पुस्तक दोन काळांत चालतं. १९२१ चा तपास आणि १९१६-१७ मधलं परवीनचं पूर्वायुष्य, आलटून पालटून. जुन्या भागात फसलेलं लग्न आहे, सासरचा जाच आहे, मासिक पाळीच्या दिवसांत तिला घरात वेगळं डांबून ठेवण्याचे प्रसंग आहेत. मला ती प्रकरणं वाचताना राग राग आला. पण लेखिका रेंगाळत नाही, आणि परवीन त्यातून बाहेर पडलेली आहे हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं, त्यामुळे वाचवत नाही असं होत नाही.

आणि तो भाग गाळून पुढे जाऊ नका. पुढच्या सगळ्या पुस्तकांतल्या प्रेमाची कळ तिथे आहे. तेव्हाच्या पारशी विवाह कायद्याप्रमाणे, म्हणजे १८६५ च्या, तिला घटस्फोट मिळत नाही, फक्त विभक्त राहण्याची परवानगी मिळते. नवा कायदा आला १९३६ मध्ये, कथेच्या कितीतरी पुढे. म्हणजे कॉलिनसमोर ती बसते तेव्हा कायद्याच्या नजरेत ती दुसऱ्याची बायको असते. वर तो इंग्रज, आणि सरकारी नोकर. त्यामुळे कॉलिनने तिला नुसतं नावाने हाक मारली तरी छातीत धडधडतं.

मी यासाठीच अशा मालिका वाचते. दोन माणसांमधला अडथळा त्या काळाने घातलेला असावा, लेखकाने नव्हे. केवळ पुढचं पुस्तक खपावं म्हणून गैरसमज करून ठेवलेली जोडपी मला सहन होत नाहीत. एक वाक्य बोलून टाकलं तर मिटेल असा तिढा आठ पुस्तकं ताणला की रहस्यातलाही रस जातो.

चकवा

रानजाईंच्या शेवटच्या परिच्छेदाला दहादा अनुमोदन.

त्याच कसोटीवर उतरणारी आणखी एक: वसीम खान यांची मलबार हाउस मालिका. (मलबार हिल आणि मलबार हाउस यांत गल्लत करू नका, दोन्ही मुंबईच्याच पण लेखक वेगळे, काळ वेगळा.) सुरुवात होते ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री. प्रजासत्ताक व्हायला महिनाही उरलेला नाही. पर्सिस वाडिया ही देशातली पहिली महिला पोलीस इन्स्पेक्टर, कादंबरीतली अर्थात, आणि वरिष्ठांना नकोशा झालेल्या माणसांची जिथे रवानगी होते अशा मलबार हाउसमध्ये तिला टाकलंय. वडिलांचं पुस्तकांचं दुकान आहे, ते व्हीलचेअरवर, जिभेने तिखट आणि मुलीवर जीव टाकणारे. बापलेकीचे संवाद मालिकेचा प्राण आहेत असं मी म्हणेन.

तिच्यासोबत काम करतो आर्ची ब्लॅकफिंच, इंग्रज फोरेन्सिक तज्ज्ञ. बुजरा, बोलण्यात अडखळणारा, कामात पक्का. दोघांमध्ये काहीतरी आहे हे वाचकाला कळतं, त्याला कळतं, तिलाही कळतं. पण इंग्रज नुकतेच गेलेत, फाळणीच्या जखमा ओल्या आहेत, आणि गणवेशातल्या एकुलत्या एका बाईवर सगळ्यांचे डोळे रोखलेले आहेत. अशा वेळी तिने एका इंग्रजाचा हात धरला तर लोक काय म्हणतील, यापेक्षा तिला स्वतःला काय वाटेल, हा प्रश्न तिच्यासाठी मोठा आहे.

पहिलं पुस्तक 'मिडनाइट ॲट मलबार हाउस'. २०२१ मध्ये त्याला ऐतिहासिक रहस्यकथेसाठीचा डॅगर पुरस्कार मिळाला. दुसरं 'द डाइंग डे' मला त्याहून आवडतं. एशियाटिक सोसायटीतून दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं जुनं हस्तलिखित आणि त्याचा अभ्यास करणारा विद्वान, दोन्ही नाहीसे होतात, आणि तपास कोड्यांमागून कोडी सोडवत पुढे जातो. ते हस्तलिखित खरोखर सोसायटीच्या संग्रहात आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेलं.

कावेरीच्या मानाने ही मालिका थोडी धारदार आहे, पण रक्तबंबाळ नाही.

दुपारचं ऊन

सगळे १९२० च्या आसपास आहेत म्हणून मीही तिथेच थांबते. कॅरोला डन यांची डेझी डॅलरिंपल मालिका. इंग्लंड, १९२३. पहिलं पुस्तक 'डेथ ॲट वेंटवॉटर कोर्ट', १९९४ मध्ये आलेलं. एकूण तेवीस पुस्तकं, त्यामुळे बेगमी म्हणाल तर भरपूर.

डेझी उमरावघरातली, पण महायुद्धात भाऊ गेला, वाग्दत्त वरही गेला, आणि आता ती नातेवाइकांच्या मेहरबानीवर जगायचं नाकारून एका मासिकासाठी जुन्या वाड्यांवर लेख लिहिते. पहिल्याच वाड्यात गोठलेल्या तळ्यात एक पाहुणा मृतावस्थेत सापडतो. तपासाला येतो स्कॉटलंड यार्डचा अ‍ॅलेक फ्लेचर. विधुर, एक लहान मुलगी, मध्यमवर्गीय घर. हिच्या आईला हा जावई म्हणून खपणार नाही, त्याच्या आईलाही ही सून नको. खलनायक कुणीच नाही, नुसती दोन घरं आणि त्यांच्या समजुती. मला सगळ्यात आवडतं ते अ‍ॅलेकच्या मुलीशी, बेलिंडाशी, डेझीचं जुळत जाणारं नातं. आजी शिस्तीची, पोरगी बावरलेली, आणि डेझी तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलते. प्रेमकथेत मुलं बहुधा अडगळीत पडतात, इथे तसं नाही.

मन हलकं ठेवायचं असेल तर परवीनच्या आधी ही घ्या.

मितभाषी

फ्रायनी फिशर कुणी सुचवली नाही? टीव्ही मालिका पाहिली होती, फ्रायनी आणि इन्स्पेक्टर जॅक रॉबिन्सन यांचं ते अव्यक्त प्रेम मला फारच भावलं होतं.

दुपारचं ऊन

मितभाषी, पडद्यावर ते आहेच, आणि ते तीन सीझन खरंच सुरेख आहेत. पण केरी ग्रीनवूड यांच्या पुस्तकांत ते नाही! पुस्तकातला जॅक सुखी संसारी माणूस आहे, फ्रायनीचा चांगला मित्र, बस्स. तिचे प्रियकर वेगळे आणि बरेच, आणि त्याबद्दल ती कुणाची पर्वा करत नाही. पुस्तकं झकास आहेत, १९२८ चं मेलबर्न जिवंत उभं राहतं, पण पानोपानी यांनी मागितलेलं हलक्या हाताचं प्रेम तिथे शोधू नये. ते पाहायचं असेल तर पडद्यावरच पाहा.

जुनाजाणता

विसाव्या शतकातून बाहेर पडायची तयारी असेल तर एलिस पीटर्स यांचा ब्रदर कॅडफेल वाचा. माझ्या लेखी या प्रकारातलं शिखर. १९७७ मध्ये पहिलं पुस्तक आलं, १९९४ मध्ये विसावं आणि शेवटचं. काळ ११३७ ते ११४५. इंग्लंडच्या गादीवरून राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मॉड यांचं यादवी युद्ध चाललंय, आणि त्या धामधुमीत श्रूजबरीच्या मठात हा म्हातारा साधू औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो. तारुण्यात क्रुसेडमध्ये लढलेला, समुद्रावर फिरलेला, प्रेमात पडलेला. जग पाहून झाल्यावर मठात आलेला, त्यामुळे माणसांच्या चुकांनी तो दचकत नाही.

इथे प्रेम नायकाचं नाही. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एखादं तरुण जोडपं असतं, बहुतेकदा त्यातल्या एकावर संशय असतो, आणि कॅडफेल खुनी शोधता शोधता त्यांची वाटही मोकळी करून देतो. युद्ध, घराण्यांची वैरं, ठरवलेली लग्नं, मठाचे नियम, यातून दोन पोरं एकमेकांपर्यंत कशी पोहोचतात ते वाचत राहावं. दुसऱ्या पुस्तकात ('वन कॉर्प्स टू मेनी') ११३८ चा श्रूजबरीचा वेढा आहे. किल्ला पडल्यावर चौऱ्याण्णव जणांना फाशी दिली जाते आणि प्रेतं मोजताना कॅडफेलला पंच्याण्णव सापडतात. एवढ्या संहारात एका माणसाचा खून लपवलाय, आणि त्या एकासाठी न्याय मागायला हा उभा राहतो. त्याच पुस्तकात ह्यू बेरिंगर येतो, आणि कॅडफेल-ह्यू ही मैत्री पुढे मालिकाभर टिकते. ह्यू आणि अ‍ॅलिन यांचं जुळणं दोन-चार प्रसंगांत उरकलंय, पण ते विसरता येत नाही.

लेखिकेचं खरं नाव एडिथ पार्जेटर. ती श्रॉपशरचीच, त्यामुळे नदीचं वळण, टेकडी, पायवाट, काहीही नकाशावरून उचललेलं वाटत नाही.

कडेकपारी

जॅकलिन विन्स्पिअर यांची मेझी डॉब्स चालेल का? १९२९ पासून सुरू होते, नायिका पहिल्या महायुद्धात परिचारिका होती, आता स्वतःची तपाससंस्था चालवते. अठरा पुस्तकं, २०२४ मध्ये मालिका पूर्ण झाली.

रानजाई

कडेकपारी, मालिका माझ्याही आवडीची आहे, पण पानोपानी यांना आत्ता नको असं मी म्हणेन. त्यात युद्ध संपलेलंच नाही. प्रत्येक तपासाच्या तळाशी कुणाचा तरी विद्रूप झालेला चेहरा, कुणाचं भ्रमिष्ट झालेलं मन. पहिल्या पुस्तकातलं मेझी आणि सायमनचं प्रेम अतिशय संयत आहे, पण ते वाचून मी बराच वेळ दुसरं काही हातात घेऊ शकले नाही.

कडेकपारी

मान्य, ती विसाव्याची पुस्तकं नव्हेत. पण एक म्हणावंसं वाटतं: मेझी माणसांशी फार हळुवार वागते. गुन्हेगार सापडल्यावर ती निघून जात नाही, त्या घरातल्या माणसांची पुढची सोय लागलीय का ते पाहते. मला त्यात दिलासा मिळतो. ज्यांना थोडं दुःख चालतं त्यांच्यासाठी नाव इथे असू दे.

आणि ओव्हिडिया यू यांची सू लिन मालिका? 'द फ्रँगिपानी ट्री मिस्टरी', १९३६ चं सिंगापूर. चेन सू लिन पोलिओमुळे लंगडते, मिशन शाळेत शिकलेली आहे, तिची आजी उघड-लपून बरेच धंदे चालवते. हंगामी गव्हर्नरच्या मुलीला सांभाळायच्या कामावर ती जाते, कारण आधीची आया मेलेली असते. चीफ इन्स्पेक्टर ल फ्रॉय आणि ती यांच्यात आधी फक्त आदर आहे. पुढची पुस्तकं जपानी अमलाच्या वर्षांत शिरतात तेव्हा सूर गडद होतो, पण सू लिनचं निरीक्षण आणि तिचा मिस्कील स्वभाव साथ सोडत नाही. जुन्या सिंगापूरमधली चिनी, मलय, भारतीय, इंग्रज अशी सगळी माणसं एका घरात, एका रस्त्यावर दिसतात. आपल्याकडे ही मालिका फार वाचली गेलेली नाही, ती वाचली जावी असं मनापासून वाटतं.

शोधयात्री

ऐतिहासिक म्हणून लिहिलेली नाही, पण आज वाचताना तशीच वाटते अशी एक जोडी राहिली: डोरोथी सेयर्स यांचे लॉर्ड पीटर विम्झी आणि हॅरिएट व्हेन. पीटरची पुस्तकं बरीच आहेत, हॅरिएटची चार: 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०), 'हॅव हिज कारकेस' (१९३२), 'गॉडी नाइट' (१९३५) आणि 'बसमन्स हनीमून' (१९३७). ती याच क्रमाने वाचावीत.

हॅरिएटवर विषप्रयोगाचा खटला चालू असतो, फाशी समोर दिसत असते, आणि पीटर तिला सोडवतो. इथेच लग्न लावून दिलं असतं तर पुस्तक सामान्य ठरलं असतं. ती नकार देते. ज्याने जीव वाचवला त्याच्याशी बरोबरीने कसं वागायचं, हा तिचा प्रश्न आहे, आणि सेयर्सबाई तो प्रश्न पाच वर्षं आणि तीन पुस्तकं गंभीरपणे हाताळतात. 'गॉडी नाइट'मध्ये तर खूनही नाही! ऑक्सफर्डच्या एका महिला महाविद्यालयात निनावी पत्रांचा छळ चाललाय, एवढंच. बायकांना बुद्धी आणि संसार यातलं एकच निवडावं लागेल का, या प्रश्नाभोवती सगळं रहस्य विणलेलं आहे. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये आणि त्या पहिल्या खेपेच्या पदवीधरांत सेयर्स स्वतः होत्या. महाविद्यालयातल्या प्राध्यापिकांचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं त्यामुळेच इतकं खरं वाटतं.

वाचायला वेळ लागतो. अवतरणं फार आहेत, वाक्यं लांब आहेत. पण या धाग्यावर जे आपण शोधतोय, त्याचा उगम बऱ्याच अंशी इथे आहे असं माझं मत.

चकवा

'गॉडी नाइट'बद्दल शब्दाशब्दाशी सहमत. फक्त तिथून सुरुवात करू नका. आधीचे नकार वाचलेले नसतील तर शेवटाचं वजन कळणार नाही.

जुनाजाणता

आपल्या भाषाभगिनीतलं एक नाव कसं कुणी घेतलं नाही? शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश. १९३० च्या दशकातलं कलकत्ता. 'अर्थमनर्थम्' या कथेत एका म्हाताऱ्याच्या खुनाचा आळ सुकुमारवर येतो. त्याची बहीण सत्यवती भावासाठी ब्योमकेशकडे येते. स्वतःला सत्यान्वेषी म्हणवणारा, तर्काशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस तिथे किंचित हलतो. अजित, त्याचा मित्र आणि कथेचा निवेदक, ते टिपतो. एवढंच. पुढे ती दोघं नवरा-बायको म्हणून येत राहतात, कुरबुरी करतात, आणि आपल्याला ते घर ओळखीचं होतं. लेखक मुंबईत बॉम्बे टॉकीजसाठी लिहीत होते आणि नंतर पुण्यात स्थायिक झाले, त्यामुळे मला ते थोडे आपलेही वाटतात.

सगळ्या कथा सौम्य नाहीत, काहींत बरंच काळंबेरं आहे. पण ही एक कथा पानोपानी यांनी वाचावीच.

मितभाषी

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला विजया होती की! माझ्या वाचनाची सुरुवात तिथून झाली.

जुनाजाणता

झुंजार आणि विजया! क्या बात है. तिथे प्रेमापेक्षा धाडस जास्त, त्यामुळे या धाग्याच्या मागणीत बसणार नाही, पण त्या पुस्तकांनी कितीतरी जणांना वाचनाची गोडी लावली. त्यांच्यावर वेगळा धागा काढा मितभाषी, मी येतो लिहायला.

पानोपानी

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! वाचनखुणा साठवून ठेवल्यात.

रानजाईंचं 'अडथळा काळाने घातलेला असावा' हे वाचल्यावर मला कावेरी-रामू का आवडले तेही जास्त नीट कळलं. त्यांच्या प्रेमाला कुणाचा विरोध नाही, लग्न तर झालेलंच आहे. पण शिकलेल्या बायकोने घराबाहेर पडून प्रश्न विचारावेत, वाटेल त्या वस्तीत जावं, याला तो काळ तयार नाही. रामू तिच्या बाजूने उभा राहतो तेव्हा प्रत्येक वेळी तो त्या काळाविरुद्ध उभा असतो. प्रेम म्हणून मला तेवढं पुरतं.

तर बेत असा: कावेरी संपली की डेझी, म्हणजे मन हलकं राहील. मग परवीन, आणि कॅडफेल मध्ये मध्ये. 'अर्थमनर्थम्' मात्र आजच शोधते. पर्सिस आणि हॅरिएट त्यानंतर. मेझीला वेळ आहे, पण तीही वाचेन, कडेकपारी.

परवीनची आणि कॅडफेलची पुस्तकं क्रमाने वाचायलाच हवीत का? वाचनालयात सगळी एकदम मिळतील असं वाटत नाही.

शोधयात्री

परवीन क्रमानेच वाचा. पहिलं पुस्तक दोन नावांनी निघालंय, 'अ मर्डर ऑन मलबार हिल' आणि 'द विडोज ऑफ मलबार हिल'. दोन्ही एकच आहे, दोनदा मागवू नका. मग 'द सातापूर मूनस्टोन', 'द बॉम्बे प्रिन्स', 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस'.

आणि एक गंमत तुमच्यासाठी. 'द बॉम्बे प्रिन्स' घडतं नोव्हेंबर १९२१ मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला आणि शहरात दंगल उसळली त्या दिवसांत. कावेरीच्या तिसऱ्या पुस्तकात, 'अ नेस्ट ऑफ व्हायपर्स'मध्ये, तोच राजपुत्र जानेवारी १९२२ मध्ये बंगलोरला पोहोचतो. एकच दौरा, दोन शहरं, दोन नायिका. ही दोन पाठोपाठ वाचता आली तर जरूर वाचा. आधी परवीन, मग कावेरी, म्हणजे दौऱ्याचा क्रमही बरोबर जमेल.

जुनाजाणता

कॅडफेलचं प्रत्येक रहस्य स्वतंत्र आहे, मधलं एखादं मिळालं तरी अडत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. ह्यू कोण ते कळायला 'वन कॉर्प्स टू मेनी' लवकर वाचा. आणि 'द व्हर्जिन इन द आइस' हे सहावं पुस्तक शेवटच्या 'ब्रदर कॅडफेल्स पेनन्स'च्या आधी वाचायलाच हवं, त्यात कॅडफेलच्या स्वतःच्या आयुष्यातलं एक मोठं गुपित उघडतं. ते काय हे कुणीही इथे लिहू नये, ही विनंती.